किल्लेधारूर : जिंकणारा मुर्तझा, हरवलेला मुर्तझा

बालाघाटाच्या डोंगरात, सीताफळांच्या मुलखात धारूर वसले आहे. माणसे अजूनही किल्लेधारूरच म्हणतात. किल्ल्याच्या तीन अंगांना दरी आहे, उरलेल्या बाजूला खंदक. आदिलशाही सरदार किश्वरखानाने १५६७ मध्ये तो बांधून घेतला.

पुढची हकीकत इतिहासकार फेरिश्त्याने लिहून ठेवली आहे. किश्वरखानाचे उर्मट पत्र वाचून अहमदनगरचा तरुण मुर्तझा निजामशहा पेटून उठला. किल्ल्यात शिरेपर्यंत घोड्यावरून उतरणार नाही, अशी शपथ घेऊन तो थेट दरवाजावर चालून गेला. वरून तोफा-बंदुकांचा मारा सुरू असताना खालून सुटलेला एक बाण किश्वरखानाला लागला. तो पडला आणि किल्लाही पडला. तटाखाली उभे राहून पाहिले की ही शपथ किती अचाट होती ते कळते. चढ अंगावर येतो आणि बुरूज नेमका वाटेवर डोळा ठेवून आहे.

जानेवारी १६३१ मध्ये मोगल सरदार आझमखानाने हाच किल्ला निजामशाहीकडून घेतला. दख्खनेत भीषण दुष्काळ होता. निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर जाऊन पाच वर्षे होत आली होती.

पायथ्याशी भेटलेले एक आजोबा म्हणाले, "आमचा किल्ला पडला तवा शहाजीराजे कुठं होते, ह्ये सांगा की साहेब."

राजे तेव्हा मोगलांकडे होते. १६२९ मध्ये त्यांचे सासरे लखुजी जाधवराव यांना मुलांसह निजामशाही दरबारातच कापून काढले होते. आपलीच माणसे अशी मारणाऱ्या दौलतीसाठी मग लढायचे कोणी? धारूर गेले त्याचे खरे कारण मला तटापेक्षा त्या दरबारात दिसते. पुढे अंबरच्या मुलाने, फतेहखानाने, सुलतानालाच मारले. १६३३ मध्ये दौलताबाद पडले आणि त्याने गादीवर बसवलेल्या हुसेनला मोगलांनी ग्वाल्हेरच्या कैदेत धाडले.

तेव्हा मोगलांची बाजू सोडलेल्या शहाजीराजांनीच मोडकी गादी सावरली. पेमगिरीवर निजामशाही वंशातले एक पोर बसवून ते तीन वर्षे झुंजले. त्या पोराचे नावही मुर्तझाच. १६३६ मध्ये माहुलीला त्याला मोगलांच्या हवाली करावे लागले आणि घराणे संपले.

आज धारूरच्या तटाचे चिरे सुटत चालले आहेत, झुडपे माजली आहेत. शाळांच्या सहली दौलताबादला जातात. बीडच्या मुलांना तरी आधी इथे आणा, आणि आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर इथेच, तटाखाली द्या.