जुन्या फाइलींतलं मराठी
मंडळाचे जुने अंक किंवा आईने टाइप केलेल्या पाककृती आज उघडल्या, की पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. घाबरू नका, मजकूर शाबूत आहे! जुने फॉन्ट रोमन अक्षरांनाच देवनागरी रूप चढवत. फाइलमध्ये साठायची ती रोमन अक्षरंच. फॉन्ट गेला की सोंग उतरलं. त्यातून प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. युनिकोडने १९९१ मध्येच देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक दिले, पण ते घरोघरी पोचायला बरीच वर्षं गेली.

तेव्हा आम्ही सांगतो, अशा फाइली पुसू नका. वर्डमध्ये फॉन्टचं नाव बहुधा अजून दिसतं. त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा. मग पहिली वेलांटी नीट तपासा: जुन्या फॉन्टांत ती व्यंजनाआधी साठते, युनिकोडमध्ये नंतर.