प्रवेश मिळाला, पण पहिल्या वर्षाचं काय?

रोवणी आटोपली, चिखलाचे पाय धुऊन जरा टेकायला वेळ मिळाला, म्हणून आज थोडं लांबचं बोलू. विषय आहे इंजिनिअरिंगला जाणाऱ्या आपल्या पोरींचा.

विषय निघाला तो बचत गटाच्या बैठकीत. एका मावशीने विचारलं, "बाई, पोरींची फी माफ झाली म्हंतेत, मंग कॉलेजवाले पैसे कायचे मांगतेत?" प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर देऊच. पण त्या बैठकीत आम्हाला एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती आधी सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे बोलवत नाही.

आमच्याच गटातल्या एका बाईची पोरगी दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या एका कॉलेजात लागली. बारावीला गणितात उत्तम गुण. गावातून इंजिनिअरिंगला जाणारी पहिलीच मुलगी म्हणून गटाने नारळ, साडी देऊन तिचा सत्कार केला. पहिल्या सेमिस्टरला तिचे दोन विषय राहिले, एक गणित आणि दुसरा ड्रॉइंग. संक्रांतीला घरी आली ती परत गेलीच नाही. तेव्हा आम्ही सगळ्याजणी काय म्हणालो? "झेपलं नाही पोरीला." घरोघरी हेच वाक्य फिरलं, तिच्या कानावरही गेलं. आज ते वाक्य आम्हाला मागे घ्यायचं आहे. का, ते सांगतो.

पोरगी शिक्षणात का टिकते आणि का गळते, यावर आता जगभर अभ्यास झाले आहेत. खास इंजिनिअरिंगच्याच मुलींवर झालेले आहेत. कारण हे शिक्षण फार काळ पुरुषांचंच समजलं गेलं. आपल्याकडे सुधा मूर्तींची पुस्तकं पुष्कळ जणींनी वाचली आहेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्या हुबळीला इंजिनिअरिंगला गेल्या, तेव्हा वर्गात एकट्याच मुलगी होत्या. साडीच नेसायची, कँटीनमध्ये जायचं नाही, मुलांशी बोलायचं नाही, या अटींवर प्रवेश मिळाला आणि कॉलेजात बायकांसाठी संडासही नव्हता, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. आजही देशात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या दहा जणांत मुली तीनच्या आसपास आहेत. आयआयटीत तर इतक्याही नव्हत्या. तिथे २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा काढल्या, पहिल्या वर्षी १४ टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं आणि २०२० मध्ये ते २० टक्क्यांवर नेलं. मुलांच्या जागा कमी न करता या वाढवल्या, हे लक्षात ठेवा, कारण "पोरींनी पोरांच्या जागा खाल्ल्या" असं बोलणारे गावात भेटतातच.

आपल्या राज्यात प्रवेशाच्या वेळी ३० टक्के जागा मुलींसाठी असतात आणि जातीनिहाय आरक्षण आहेच. त्यावर एक टोमणा नेहमी ऐकू येतो, "आरक्षणातून घेतलं, आता निभेल का तिला?" हा टोमणा खरा की खोटा, हे सुरेंद्रकुमार बागडे यांनी तपासलं. ते आपल्या महाराष्ट्र केडरचे आयएएस अधिकारी. अमेरिकेतल्या डेनिस एपल आणि लोवेल टेलर या दोन प्राध्यापकांबरोबर त्यांनी भारतातल्या एका मोठ्या राज्यातल्या २०० हून जास्त इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रवेशाची आणि निकालांची माहिती घेतली. २०१६ साली तो अभ्यास छापून आला. निघालं असं की, आरक्षणामुळे मागास जातींची मुलं आणि मुली जास्त संख्येने शिकायला गेली, चांगल्या कॉलेजांत गेली, आणि "झेपणार नाही तिथे नेऊन टाकलं म्हणून नुकसान झालं" याचा पुरावा मात्र काही सापडला नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल बाया एकाच अंगाने बोलतात. देशातल्या एका नावाजलेल्या संस्थेतल्या मुलांचे गुण काला कृष्ण आणि वेरोनिका फ्रिसांचो यांनी वर्षानुवर्षांचे तपासले. तिथे जास्त मागणीच्या, कठीण शाखांत आरक्षणातून गेलेली मुलं बरोबरच्यांच्या मागे पडताना दिसली. आमच्या मते हे दोन्ही अभ्यास एकमेकांना खोडत नाहीत. दार उघडल्याने नुकसान होत नाही, पण नुसतं दार उघडून भागतही नाही. आत गेल्यावर कोण भेटतं, यावर पुढचं ठरतं.

आणि याच्यावरचा अभ्यास आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात नीलांजना दासगुप्ता नावाच्या संशोधक आहेत. त्यांनी आणि टारा डेनेही यांनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या १५० मुली घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्या तशा त्यांच्या तीन वाटण्या केल्या. काही मुलींना वरच्या वर्गातली एक मुलगी 'ताई' म्हणून दिली. काहींना वरच्या वर्गातला मुलगा दिला. बाकीच्यांना कोणीच दिलं नाही. ताईने काय करायचं? अधूनमधून भेटायचं, विचारपूस करायची, अडलं तर सांगायचं. एवढंच, आणि तेही एक वर्ष.

वर्ष संपल्यावर पाहिलं, तर ज्यांना कोणीच नव्हतं त्यांतल्या १०० पैकी ११ जणी इंजिनिअरिंग सोडून गेल्या होत्या. ज्यांना मुलगा दिला होता त्यांतल्या १८. आणि ज्यांना ताई मिळाली होती, त्यांतली एकही गेली नव्हती. एकही नाही. २०१७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

पुढची गोष्ट नीट ऐका, आम्हालाही ती दोनदा वाचावी लागली. जास्त गुण पडले म्हणून मुली टिकल्या, असं दिसलं नाही. टिकल्या त्या "मी इथलीच आहे, मला हे जमतं" असं ज्यांना वाटत राहिलं त्या. म्हणजे गळती सुरू होते ती पोरगी "ही जागा माझी नाही" असं मनात म्हणते तेव्हा. आणि हे म्हणायला तिला कोण शिकवतं? वर्गातलं हसू शिकवतं, काही मास्तर शिकवतात, आणि मैत्रिणींनो, "झेपलं नाही" म्हणणाऱ्या आपण शिकवतो.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात असाच एक प्रयोग झाला. पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना वरच्या वर्गातल्यांचे अनुभव दिले. आम्हालाही सुरुवातीला परकं वाटलं, आम्हीही घाबरलो, मग हळूहळू रुळलो, अशा अर्थाचे. ज्या शाखांत मुली अगदी थोड्या होत्या, तिथे या छोट्याशा प्रयोगानंतर मुलींचे गुण मुलांच्या बरोबरीला आले. सासरी नव्याने आलेल्या पोरीला जाऊबाईने "मलाही पहिल्या वर्षी भाकर जमत नव्हती" म्हटलं की तिला कसा धीर येतो, तेच हे.

आता त्या आमच्या पोरीकडे परत येऊ. आम्ही तिला नीट बसवून विचारलं. आधी विचारायला हवं होतं, ते आता विचारलं. ती म्हणाली, गणित येत होतं, पण मास्तर इंग्रजीत बोलायचे आणि आपण मराठी शाळेतल्या, प्रश्न विचारायला तोंड उघडत नव्हतं. ड्रॉइंगचं तर वेगळंच. एखादी वस्तू समोरून कशी दिसते, वरून कशी, बाजूने कशी, ते मापात काढायचं असतं. घर बांधताना गवंडी नकाशा पाहतो ना, त्यातलाच प्रकार. शहरातल्या मुलांनी सुट्टीतच शिकवणी लावून घेतली होती. हिने ड्राफ्टर म्हणजे काय, तेच तिथे पहिल्यांदा पाहिलं. दोन विषय राहिले, तेव्हा तिला वाटलं सगळं संपलं. राहिलेला पेपर पुन्हा देता येतो, ठरलेल्या संख्येपर्यंत विषय राहिले तरी पुढच्या वर्गात जाता येतं, ज्याला एटीकेटी म्हणतात, हे तिला कोणी समजावून सांगितलं नाही. आपल्याला दहावी-बारावीची नापास पोरगी माहीत आहे. एटीकेटी घेऊन पुढे इंजिनिअर झालेले कितीतरी आहेत, हे आपल्याला माहीत नाही.

भाषेचं म्हणाल, तर २०२१ पासून भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी मिळाली आहे आणि पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात कॉम्प्युटर शाखा मराठीतून सुरू झाली. आपल्याला ते दूर पडतं. पण तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीत करून घेतली आहेत आणि ती 'ई-कुंभ' या संकेतस्थळावर फुकट मिळतात. इंग्रजी पुस्तकाशेजारी मराठी पुस्तक उघडून बसलं की अर्धी भीती जाते. मोबाइलवर हे काम घरातला कोणताही पोरगा करून देईल.

कॉलेज कोणतं निवडायचं, यातही एक गोष्ट लपलेली असते. गिरिजा बोरकर या अर्थतज्ज्ञांनी दिल्ली विद्यापीठाच्या मुलींचा अभ्यास केला. रस्त्यात छेडछाडीची भीती कमी म्हणून मुली हातचं चांगलं कॉलेज सोडून कमी दर्जाचं घेतात, मुलं तसं फारसं करत नाहीत, असं त्यांना दिसलं. आपल्याला यात नवल वाटणार नाही. आपल्या शहापुरातच मनोहरभाई पटेल यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, दहावीनंतर डिप्लोमा करायचा तर साकोलीला सरकारी पॉलिटेक्निक आहे, आणि डिप्लोमा झालेल्या मुलीला डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. जवळचं घ्या की नागपूरचं घ्या, पण बस किती वाजता सुटते, अंधार पडल्यावर फाट्यावरून घरापर्यंत कोण आणेल, वसतिगृहात जागा आहे का, हे गुणांच्या यादीइतकंच बसून ठरवा. हा प्रश्न पोरीच्या एकटीच्या डोक्यावर टाकू नका.

आता मावशीच्या प्रश्नाचं उत्तर. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, ज्या घराचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे अशा घरातल्या ओबीसी, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळी शिष्यवृत्ती आधीपासून आहे. पण माफी मिळते ती सरकारी फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून, प्रवेश घेतला तर. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. आणि वसतिगृह, मेस, पुस्तकं, बसचा पास हे त्यात येत नाही. कॉलेज पैसे मागतं ते कशाचे, हे पावतीवर वाचून घ्या आणि समजलं नाही तर विचारा. महाडीबीटीवरचा अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो. पहिल्या वर्षी भरला आणि मग विसरला, असं पुष्कळ घरांत होतं. एआयसीटीईची 'प्रगती' शिष्यवृत्ती वेगळी आहे, ती वर्षाला ५०,००० रुपयांची, उत्पन्नाची मर्यादा तीच ८ लाखांची, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. दोन शिष्यवृत्त्या एकदम घेता येतात का, हे अर्जाआधी नियमात पाहा. आणि जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला ही कामं पोरगी अकरावीत असतानाच सुरू करा. निकालानंतर सेतू केंद्रापुढे लागणारी रांग आम्ही पाहिली आहे.

कोणी विचारेल, एवढा आटापिटा कशाला, पोरींनी इंजिनिअरच का व्हायचं? आम्ही एवढंच विचारतो, दिवसभर वाकून रोवणी कोण करतं? आणि अवजार कोणाच्या मापाने घडवलं जातं? मूठ जाड, वजन भारी, दांडा लांब. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने शेतात राबणाऱ्या बायकांची मापं घेऊन, त्यांच्या हाताला बसतील अशी अवजारं तयार केली, तेव्हा कुठे हा विषय कागदावर आला. बांधीत उभं राहून ज्यांची कंबर धरली आहे, त्यांच्या घरातली पोरगी जर यंत्राचा नकाशा काढायला बसली, तर तिला ही गोष्ट कोणी शिकवावी लागणार नाही.

गटाने आता एक वही केली आहे. आपल्या आसपासच्या गावांतल्या कोणत्या मुली कोणत्या कॉलेजात, कोणत्या शाखेत, कोणत्या वर्षाला आहेत, ते त्यात लिहिलंय. नावं वाटली होती त्यापेक्षा जास्त निघाली, आणि गंमत म्हणजे त्यांतल्या बऱ्याच जणींना एकमेकींची माहितीच नव्हती. यंदा जाणाऱ्या प्रत्येक मुलीला वरच्या वर्गातली एक ताई जोडून द्यायची, दोघींचे फोन नंबर दोन्ही घरच्यांच्या संमतीने द्यायचे, आणि दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांना एकत्र जेवायला बोलवायचं, असं ठरलंय. निकाल लागला की घरी पहिला प्रश्न "किती पडले?" हा करायचा नाही, हेही ठरलं. तो नियम पाळणं जड जाईल, आम्हाला माहीत आहे.

आमची ती पोरगी आता भंडाऱ्याला बी.एस्सी. करते आहे. यंदा तिच्याच गल्लीतली एक मुलगी इंजिनिअरिंगला लागली. वहीत तिच्यापुढे ताई म्हणून कोणाचं नाव लिहायचं, यावर आम्ही बोलत बसलो होतो, तेवढ्यात ही स्वतःच आली. हातात तिचा जुना ड्राफ्टर होता. त्या मुलीला ओट्यावर बसवून, काडेपेटी मधे ठेवून ती म्हणाली, "हे पाय, समोरून पायलं तर कशी दिसते? आता वरून पाय."