सॉफ्टबॉल, मुली आणि तोंडावरची जाळी

सॉफ्टबॉल या खेळाच्या नावानेच निम्मा घोटाळा केला आहे. १८८७ साली शिकागो शहरातील एका क्लबात काही तरुणांनी मुष्टियुद्धाचा हातमोजा दोरीने आवळून त्याचा चेंडू केला, तो झाडूच्या दांड्याने टोलवला आणि या खेळाचा जन्म झाला. तो चेंडू खरोखरच मऊ होता. पुढे खेळ मैदानावर आला आणि चेंडू कठीण झाला; १९२६ साली सुचवले गेलेले नाव मात्र मऊपणाचेच राहिले. आज आमच्या इंदुरातील शाळांच्या मुली ज्या चेंडूने खेळतात, त्याचा घेर बारा इंच आणि वजन सुमारे १८० ते २०० ग्रॅम असते. क्रिकेटचा चेंडू १६३ ग्रॅमांपलीकडे जात नाही. तरीही पालकसभेत सॉफ्टबॉलचे नाव निघाले की माता निश्चिंत असतात आणि क्रिकेट म्हटले की त्यांच्या कपाळाला आठी पडते!

या खेळात सर्वांत धोक्याची जागा पिचरची, म्हणजे चेंडू फेकणारीची. स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत ती फलंदाजापासून ४३ फुटांवर उभी असते. लहान वयोगटांत हे अंतर त्याहूनही कमी ठेवतात. काखेखालून हात फिरवून चेंडू सोडताना तिचे पाऊल पुढे पडते, म्हणजे अंतर चाळीस फुटांच्या आत येते. ताशी १०० किलोमीटर वेगाने परत आलेला चेंडू एवढे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. त्या क्षणी तिचा तोल पुढे गेलेला असतो आणि हातमोजा खाली असतो. लाकडी बॅटची जागा ॲल्युमिनियमच्या बॅटने घेतल्यापासून तर चेंडू अधिकच वेगाने सुटतो. पहिल्या व तिसऱ्या बेसवरील मुलींची स्थितीही फारशी निराळी नाही. समोरची फलंदाज चेंडू नुसता टेकवणार असा संशय आला की त्या बेस सोडून पुढे सरसावतात, आणि नेमक्या त्याच वेळी एखादी मुलगी पूर्ण ताकदीने फटका मारते.

कॅचरने जाळी घातलीच पाहिजे आणि फलंदाजाने हेल्मेट घातलेच पाहिजे, यावर आज कोणाचे दुमत नाही. अमेरिकेतील शालेय सॉफ्टबॉलमध्ये २००६ सालापासून फलंदाजाच्या हेल्मेटलाही पुढून जाळी सक्तीची झाली. पिचर आणि बेसवरील खेळाडूंना मात्र जाळी वापरण्याची मुभा आहे, सक्ती नाही. आमचा सवाल या मुभेविषयी आहे. मुभा म्हणजे निर्णय चौदा वर्षांच्या मुलीवर सोपवणे. त्या वयात गालाचे हाड मोडण्याच्या भीतीपेक्षा मैत्रिणी ‘भित्री’ म्हणतील ही भीती मोठी असते. आमच्या शाळेच्या संघातील एका पिचरने घरून आणलेली जाळी पिशवीतून बाहेरच काढली नव्हती. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “सर, समोरच्या संघात कोणीच घातली नव्हती.” नियम असता तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

ही लाज काही आजची नाही. हार्वर्ड विद्यापीठातील एका खेळाडूने तलवारबाजीच्या मुखवट्यावरून बेसबॉलच्या कॅचरसाठी जाळी तयार केली व १८७८ साली तिचे पेटंट घेतले. त्या वेळी प्रेक्षकांनी जाळी घालणाऱ्यांची टर उडवली होती. बर्फावरील हॉकीचा गोलरक्षक जाक प्लांत याच्या तोंडावर १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या सामन्यात रबरी चकती आदळली. जखमेला टाके घालून तो परतला तो मुखवटा लावूनच. त्याचे प्रशिक्षक या मुखवट्याच्या विरुद्ध होते. गोलरक्षकाने भ्यावे कसे, असा तेव्हाचा समज होता. आज त्या खेळात उघड्या तोंडाचा गोलरक्षक शोधूनही सापडणार नाही.

आमचे एक क्रिकेटवेडे स्नेही या विषयावर हमखास विचारतात, “एकनाथ सोलकरांनी हेल्मेट घातले होते काय?” नव्हते, हे खरेच. २७ कसोटींत ५३ झेल घेणारा तो मोहरा फलंदाजाच्या पुढ्यात उघड्या डोक्याने उभा राही. पण त्याच जागेवर १९९८ साली ढाक्यात रमण लांबा उभे होते. षटकाचे थोडेच चेंडू उरले होते, म्हणून त्यांनी हेल्मेट मागवले नाही आणि ते प्राणास मुकले. अपवादात्मक माणसाच्या नशिबावरून शाळकरी मुलांचा नियम ठरवू नये. फलंदाजाच्या जवळ उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकांना जून २०२३ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्येही हेल्मेट सक्तीचे झाले आहे.

जाळीमुळे नजर अडते, हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. नवखीला पहिले काही दिवस पायाजवळचा चेंडू चुकतो, मे महिन्यात घामाने जीव नकोसा होतो. त्यावर सरावात रोज जाळी घालणे हाच उपाय. सामन्याच्या सकाळी प्रथमच चढवलेली जाळी खरोखरच अडचण करते. शिवाय जाळी तोंड वाचवते, कानशील किंवा छाती नव्हे. सैल पट्ट्याची जाळी तर न घातल्यासारखीच.

खरा प्रश्न पैशांचा आहे. सक्ती करून खर्च पालकांवर टाकला, तर सरकारी शाळांतील मुली निमूटपणे संघाबाहेर पडतील आणि नियम करणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागणार नाही. परंतु थोडा विचार केला तर हा खर्च वाटतो तेवढा नाही. एका वेळी एकच संघ क्षेत्ररक्षण करतो. पिचर, पहिला बेस व तिसरा बेस अशा तीन जाळ्या आणि एक जादा, एवढ्यात एका मैदानावरचे दोन्ही संघ भागतात. डाव बदलताना कपाळपट्टी पुसून जाळी पुढच्या मुलीच्या हाती द्यायची. पंच जसा चेंडू आणतात, तशा या चार जाळ्या स्पर्धेच्या आयोजकांनीच मैदानावर आणाव्यात.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बोलून दाखवली पाहिजे. मुलाचे नाक मोडले तर घरचे लोक महिन्याभराने हसतात. मुलीच्या गालावर व्रण राहिला तर आजी पहिला विषय लग्नाचा काढते, आणि धाकट्या बहिणीचेही मैदान सुटते. हा विचार आम्हांला मुळीच पटत नाही. पण तो बदलेपर्यंत शेजारपाजारच्या चार मुली खेळायच्या थांबतात, हे आम्ही पाहत आलो आहोत. म्हणून येत्या आंतरशालेय स्पर्धांच्या नियमावलीत एकोणीस वर्षांखालील मुलींच्या गटासाठी हे कलम यावे, अशी आमची मागणी आहे. जाळ्या दोन मापांच्या असाव्यात, आणि त्यांतली एक तरी चश्मा घालणाऱ्या मुलीला बसेल अशी असावी.