वेताळाला ऊन दाखवू नका

हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 मध्ये पिंपरीत आली. 1960 च्या दशकात टेल्को आणि बजाज आल्या. या कंपन्यांच्या आधाराने वाढलेल्या वसाहतींतली शाळकरी पोरं आता साठीच्या पुढे गेली आहेत. जुन्या इमारती रिडेव्हलपमेंटला निघाल्या की माळे रिकामे होतात आणि पत्र्याच्या ट्रंकेतून इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा खाली येतो. वेताळ, जादूगार मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, बहादूर. मग दोनच गोष्टी होतात. गठ्ठा किलोच्या भावाने रद्दीत जातो, नाहीतर घरातल्या कुणाला त्याची माया येते आणि तो ‘दुरुस्ती’ला बसतो. रद्दीवाल्याकडून अंक परत तरी मिळू शकतो. हौशी दुरुस्तीतून तो बहुधा सुटत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

‘चित्रं काय, अमेरिकेतूनच आलेली!’

आतली बहुतेक चित्रं आलेली, हे खरं. टाइम्स ऑफ इंडिया चालवणाऱ्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च 1964 मध्ये इंद्रजाल सुरू केलं आणि ली फॉकचा फँटम आपल्याकडे वेताळ झाला. पण मूळ वेताळ हे मासिक नव्हतंच. 1936 पासून तो अमेरिकी दैनिकांत तीन-चार चौकटींच्या आडव्या पट्टीत रोज छापून यायचा. पट्टीला मुखपृष्ठ कुठून असणार? त्या पट्ट्या कापून, जुळवून इथे अंक बांधला जाई. दुकानात टांगल्यावर पोराचा हात ज्याच्याकडे जावा ते पहिलं पान इथेच रंगवावं लागे. सुरुवातीच्या पन्नासेक अंकांची मुखपृष्ठं गोविंद ब्राह्मणिया यांची आहेत. पुढे 1976 मध्ये आबिद सुरती यांनी बहादूर लिहिला, तेव्हा त्याला चेहराही याच चित्रकाराने दिला.

म्हणजे इंद्रजालच्या वेताळकथेत सर्वांत देशी भाग कोणता, तर मुखपृष्ठ. ते जपायचं ते एवढ्यासाठी. नुसत्या बालपणाच्या आठवणींसाठी जपायचं असेल तर स्कॅन पुरतो.

सुपरहिरो आणि मराठी माणूस यांचा संबंध फक्त वाचण्यापुरता होता, हा याच समजाचा धाकटा भाऊ. 1980 च्या दशकात दिल्लीच्या राज कॉमिक्सने नागराज काढला. त्याचे सुरुवातीचे अंक पुण्यातल्या प्रताप मुळीकांनी चितारले. अमर चित्र कथेच्या वाचकांना ते आधीपासून ठाऊक होते. उत्तर भारतात ज्या हिरव्या नागमानवावर पोरं फिदा झाली, तो आपल्या शेजारच्या गावात कागदावर उतरत होता. पिंपरी-चिंचवडमध्ये हे सांगितलं की लोक आजही ‘काय सांगता!’ म्हणतात.

‘123 आणि 124 नंबरचे अंक मिळाले तर सोनं!’

मिळणार नाहीत. ते निघालेच नाहीत. छापखान्यात संप झाला आणि दोन क्रमांक कोरे राहिले. संप म्हणजे काय, हे भोसरी-चाकणच्या पट्ट्यात वेगळं समजवायला नको. 1990 मध्ये मालिका बंद पडली तोवर अंकांची संख्या 803 झाली होती. 443 नंतर सलग क्रमांक सोडून खंड आणि अंक अशी मोजणी सुरू झाली. त्यामुळे ‘500 नंबर कुठे गेला’ म्हणून झुरणारे संग्राहकही भेटतात. यादी करायला बसण्याआधी एवढं माहीत असलं तरी बरीच वणवण वाचते.

‘जुनं आहे म्हणजे किमतीचं आहे’

या समजाला खतपाणी घालतात अमेरिकेतल्या बातम्या. सुपरमॅन पहिल्यांदा दिसला तो जून 1938 चा ‘अॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक. त्याची किंमत 10 सेंट होती. त्याची एक प्रत 2024 मध्ये 60 लाख डॉलरना विकली गेली. 2025 मध्ये ‘सुपरमॅन’च्या पहिल्या अंकाने 91 लाखांची मजल मारली. ती प्रत कॅलिफोर्नियातल्या एका घराच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांखाली, पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून होती. बातमी वाचून आपल्याकडचे लोक माळ्याकडे बघायला लागतात. पण ती टिकली त्याचं श्रेय उत्तर कॅलिफोर्नियाच्या थंड हवेला दिलं गेलं. आपला माळा एप्रिलमध्ये भट्टी असतो आणि जुलैमध्ये त्याला बुरशी येते. शिवाय भाव ठरतो तो वयावर नाही, अवस्थेवर आणि मागणीवर. इंद्रजालच्या चांगल्या प्रतींना आज गिऱ्हाईक आहे, पण त्यातून फ्लॅटचा हप्ता फिटेल या आशेवर राहू नका.

‘पुस्तकांना अधूनमधून ऊन दाखवावं’

आज्जीचा हा सल्ला गोधड्या-पापडांसाठी शंभर टक्के बरोबर आहे. छापील रंगाचा मात्र ऊन वैरी. मुखपृष्ठ चार शाईंत छापलेलं असतं: निळी, किरमिजी, पिवळी, काळी. प्रकाशात आधी पिवळी आणि किरमिजी उडतात, तर निळी व काळी तग धरतात. वेताळाचा जांभळा पोशाख म्हणजे किरमिजी आणि निळी यांची बेरीज. त्यातली किरमिजी गेली की वेताळ निळा पडतो, आणि जुन्या बाजारात कुणीतरी तोच अंक ‘दुर्मीळ निळी छपाई’ म्हणून पुढे करतो.

याची परीक्षा सोपी आहे. स्टेपलच्या पिनेखाली झाकलेला मुखपृष्ठाचा रंग पाहा. तिथे प्रकाश पोचलेला नसतो. पिनेखाली जांभळा आणि बाहेर निळा दिसला, तर ते काम उन्हाचं. छापतानाच निळा असेल तर पिनेखालीही निळाच सापडेल. (गंमत म्हणजे ली फॉकच्या मनात हा पोशाख करडा होता. 1939 मध्ये रविवारच्या रंगीत पुरवण्या निघाल्या तेव्हा तो जांभळा छापला गेला आणि तसाच राहिला. इटलीत तो लाल आहे.)

उडालेला रंग परत येत नाही. स्केचपेनने भरला तर मुळीच नाही. कॉमिक्सची प्रत तपासून दर्जा देणाऱ्या अमेरिकेतल्या सीजीसी या संस्थेकडे अशा रंगवलेल्या प्रतीला जांभळं लेबल लागतं. त्याचा अर्थ ‘पुनर्रचित’, आणि बाजार ते पाहून हात आखडता घेतो. मळकी, फाटकी पण अस्पर्श प्रत अनेकदा रंगवून गुळगुळीत केलेल्या प्रतीपेक्षा जास्त मानाची ठरते. आपल्याकडे ‘नव्यासारखं करून देतो’ हे कौतुकाचं वाक्य आहे. इथे ते धोक्याची घंटा समजा.

‘कंपनीतलं सामान आहे, म्हणजे बेस्टच असणार’

हा खास आपल्या पट्ट्यातला समज. चाकण-तळेगावहून पार्ट निर्यात होतात ते पिवळ्या-निळ्या व्हीसीआय पिशवीत. लोखंडाला गंज चढत नाही, मग कागदाचंही भलं होईल, असं म्हणून लोक कॉमिक्स त्याच पिशवीत घालतात. पण ती पिशवी काम करते आपल्यातून रसायनाची वाफ सोडून, आणि ती वाफ धातूवर बसण्यासाठी असते. कागदाला अनोळखी वाफ नको, काहीच न सोडणारं वेष्टन हवं. ते म्हणजे शुद्ध पॉलिएस्टरचं किंवा पॉलिप्रॉपिलीनचं पारदर्शक पाकीट. बाजारातल्या मऊ पीव्हीसी पिशवीतून कालांतराने तेलकट द्रव्य पाझरतं आणि शाई प्लॅस्टिकला चिकटते.

पार्टचं तपकिरी कोरुगेटेड खोकंही तसंच. त्याचा पुठ्ठा आम्लयुक्त असतो, आणि आपलं आम्ल तो शेजाऱ्याला देतो. खोकं वापरायचंच असेल तर आत पाकिटात अंक आणि पाठीला आम्लरहित पुठ्ठा हवा. सिलिका जेलची पुडी मात्र खरोखर उपयोगी आहे, पण जिवंत असेल तर. रंग बदलणारे निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे त्यांचं पोट भरलं. आणि अंकांच्या गठ्ठ्यात पुड्यांची रास ओतू नका. कागद अति कोरडा झाला की घडीवर तडकतो.

क्वालिटी डिपार्टमेंटमधली एक वस्तू मात्र जरूर वापरा, दहापट दाखवणारी लूप. जुन्या छपाईत ठिपक्यांची नीट रचलेली नक्षी दिसते. घरच्या इंकजेटवर काढलेल्या नकलेत रंगाचे बारीक तुषार वाट्टेल तसे उडालेले दिसतात. जुन्या अंकावरून स्कॅन करून पुन्हा छापलेल्या नकलेत ठिपक्यांवर ठिपके चढून चित्र भुरकट होतं, अक्षरांच्या कडाही मऊ पडतात.

आता गंज. इंद्रजालचा अंक दोन पिनांवर उभा आहे, आणि पावसाळ्यात पहिला जीव त्यांचाच जातो. पिनेभोवती तपकिरी डाग पडतो, तिथला कागद कुजतो आणि मुखपृष्ठ सुटून हातात येतं. गंज दिसला की आपल्या भागातल्या माणसाचा हात आपोआप स्प्रेच्या डब्याकडे जातो. कृपा करून थांबा. त्या तेलाचा डाग मुखपृष्ठाच्या आरपार जाईल. अंक मधल्या पानावर उघडा, पिनेचे वळलेले पाय पातळ पट्टीने हळूच सरळ करा आणि बाहेरच्या बाजूने पीन उचलून घ्या. ओढायची नाही. मग त्याच भोकांतून सुती दोरा घालून सैल टाका घ्या. नवी भोकं पाडायची नाहीत. मुखपृष्ठ भोकांपाशी आधीच फाटलं असेल तर हेही घरी करू नका.

‘चिकटवलं की झालं’

सेलोटेप हा या छंदातला सर्वांत मोठा गुन्हेगार. वर्षं गेली की पट्टी सुकून गळते आणि मधाच्या रंगाचा डिंक कागदात मुरून बसतो. तो काढणं तज्ज्ञालाही जड जातं. लॅमिनेशन त्याहून वाईट, कारण ते उलटवताच येत नाही.

घरच्या मैद्याच्या खळीत चिकटपणा भरपूर, पण त्या चिकाला कसर लागते. कसर लागू नये म्हणून बाइंडर खळीत मोरचूद टाकतात, तर त्यातलं तांबं कागदाची झीज वाढवतं. जतनाच्या कामात गव्हातला चीक काढून उरलेल्या शुद्ध स्टार्चची पातळ खळ आणि जपानी टिश्यू कागद वापरतात. टिश्यूची पट्टी कापायची नाही. ओल्या ब्रशने रेघ ओढून फाडायची, म्हणजे कडेला तंतू सुटतात आणि जोड दिसेनासा होतो. ती फाटीच्या मागच्या बाजूने लावून वर शोषक कागद आणि वजन ठेवायचं. उद्या कुणाला हा जोड नको असला तर ओलसर करून तो सोडवता येतो. दुरुस्तीची कसोटी ही: पुढच्या माणसाला ती उलटवता आली पाहिजे.

डांबरगोळ्यांबद्दल एकच ओळ: कपाटात त्यांची वाफ तुमच्याही फुप्फुसात जाते, त्यापेक्षा कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं सुटं ठेवा आणि कोरड्या दिवशी सावलीत उघडा.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचं केंद्र आहे, पुण्यात भांडारकर संस्था हस्तलिखितं जपते. कॉमिक्स घेऊन अशा ठिकाणी कसं जायचं, हा संकोचही एक गैरसमजच. कागद हा कागद असतो, आणि निदान सल्ला विचारायला लाजायचं कारण नाही.

‘इतकं जुनं चित्र, आता ते सगळ्यांचंच’

नाही. अंक तुमचा असतो, चित्राचा हक्क तुमचा नसतो. 1957 च्या भारतीय कायद्याने चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, आणि वेताळ या पात्रावर किंग फीचर्सचा दावा वेगळाच आहे. टी-शर्ट किंवा पोस्टर छापून विकायचा बेत असेल तर आधी परवानगी घ्या. आपल्या संग्रहाची नोंद राहावी म्हणून घरी स्कॅन करून ठेवायला मात्र लागा, तेही मुखपृष्ठ न सोडवता, अंक जेमतेम उघडेल तेवढाच उघडून.

शेवटची विनंती. दिवाणखान्यात फ्रेम करायला म्हणून मुखपृष्ठ फाडून घ्यायचं आणि बाकीचा अंक रद्दीत टाकायचा, ही पद्धत अलीकडे वाढली आहे. असं करू नका. महिना, क्रमांक, भाषा ही चित्राची ओळख बहुधा आतल्या पानावरच असते. भिंतीवर लावायला स्कॅनची रंगीत प्रत लावा, अंक अखंड ठेवा. माळा साफ करणारे दुसऱ्या घरातले असतील तर त्यांनाही फोन करून हे सांगा, टेम्पो यायच्या आत.