ग्लायडरवरची ओळखीची अक्षरे

आपल्या घरातील पितळेचा एखादा जुना तांब्या हाती घेऊन त्याचा काठ पाहावा. बहुधा त्यावर बारीक ठिपक्यांनी कोरलेले आजीचे किंवा आजोबांचे नाव आणि एखादे साल आढळेल. भंडारा हे पितळेच्या भांड्यांविषयी पूर्वीपासून प्रसिद्ध असलेले शहर. तेव्हा ही गोष्ट आमच्या वाचकांस नवी नाही. लग्नकार्यात शेजारपाजारची भांडी एकत्र होत. पंगत उठल्यावर ज्याचे भांडे त्यास परत जावे, म्हणून नाव घालण्याचा मोठा उपयोग होई. कारागीर बारीक छिन्नीवर हातोडीचे ठोके देत जाई व अक्षर उमटत जाई. नाव घातल्याने तांब्यात पाणी कमी मावत नाही. भांडे आपले काम पूर्वीप्रमाणेच करते.

परंतु जी वस्तू हवेत तरंगावयाची, तिच्यावर नाव घालणे इतके सोपे नाही. हा धडा आम्हांस पुस्तकातून नव्हे, तर आमच्या विद्यार्थ्यांकडून मिळाला.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या काही मुलांनी बांबूच्या कामट्या व पतंगाचा कागद घेऊन चार फूट पंखांचा एक नमुना ग्लायडर तयार केला. मैदानावर तो दोन-तीन वेळा उत्तम तरंगला. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मुलांस वाटले की, याच्यावर शाळेचे नाव हवे. त्यांनी शेपटीवर तैलरंगाने जाड, वळणदार अक्षरे काढली, त्यांस सोनेरी किनार दिली व भोवती वेलबुट्टीही रेखाटली. दुसऱ्या दिवशी पालकांच्या देखत ग्लायडर सोडला, तो नाक वर करून क्षणभर थबकला आणि शेपटीवर आपटला. मुलांचे चेहरे उतरले. त्यांनी पंख तपासले, कामट्या तपासल्या. दोष कोठेच सापडेना. शेवटी एका मुलाने ग्लायडर बोटावर तोलून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. रंगाच्या वजनाने त्याचा गुरुत्वमध्य मागे सरकला होता. दोष नावात नव्हता. ते कोठे व किती जाड लिहावे, याचा विचार झाला नव्हता.

तेव्हापासून खऱ्या ग्लायडरवर ओळखीची अक्षरे कशी निवडतात व कशी लावतात, याची माहिती आम्ही मिळवीत गेलो. ती विद्यार्थ्यांस व पालकांसही मनोरंजक वाटेल, अशी आशा आहे.

ग्लायडर म्हणजे इंजिनावाचून तरंगणारे विमान. त्यास यांत्रिक रहाटावर गुंडाळल्या जाणाऱ्या लांब तारेने अथवा दुसऱ्या विमानाने ओढून वर नेतात आणि मग मोकळे सोडतात. उन्हाने तापलेली हवा जेथे वर चढते, तेथे ते घारीप्रमाणे घिरट्या घेत उंची मिळविते. असा हवेचा आधार न मिळाल्यास वैमानिकास जवळच्या एखाद्या शेतातही उतरावे लागते. अशा वेळी हे यान कोणाचे व कोठले, हे गावच्या माणसास किंवा पोलीस पाटलास सांगता आले पाहिजे. अंगावरील अक्षरांचे पहिले काम ते हे. आकाशात दोन ग्लायडर शेजारी फिरत असता खालच्या शिक्षकाने कोणास उद्देशून बिनतारी संदेश दिला, हे कळणेही या अक्षरांवरच अवलंबून असते.

आता ही अक्षरे कोणती? आपल्या जिल्ह्यातील मोटारीच्या पाटीवर एमएच-३६ असते. पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढील आकडा जिल्ह्याचा. तोच प्रकार विमानांचा. फक्त तेथे राज्याऐवजी राष्ट्र येते. भारतीय विमानांच्या अंगावर प्रथम व्ही व टी ही दोन रोमन अक्षरे, मग एक आडवी रेघ आणि त्यापुढे त्या विमानाची स्वतःची तीन अक्षरे असतात. व्हीटी म्हणजे व्हाइसरॉयचा मुलूख, असे पुष्कळ लोक सांगतात. परंतु हा अर्थ मागाहून चिकटविलेला दिसतो. १९२७ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या बिनतारी तारायंत्रविषयक परिषदेने निरनिराळ्या देशांस संकेताक्षरे वाटून दिली, त्यांत भारताच्या वाट्यास ही अक्षरे आली व १९२९ पासून ती विमानांवर दिसू लागली. त्यापूर्वी येथील विमानांवर जी व आय ही अक्षरे असत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन ज्या लहानशा विमानाने अहमदाबादमार्गे मुंबई गाठली, त्याची ओळख व्हीटी-एडीएन अशी होती.

येथे नाव आणि ओळखाक्षरे यांतील भेद ध्यानात घ्यावा. आपल्या देशात बनलेल्या ग्लायडरांस नक्षत्रांची नावे देण्याची सुंदर प्रथा पडली. १९५८ साली अश्विनी उडाली. त्यानंतर भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर आणि आर्द्रा ही नावे आली. यांपैकी रोहिणीचे पहिले उड्डाण १९६१ साली झाले. तिच्यात शिक्षक व विद्यार्थी शेजारी शेजारी बसत. मृग आणि आर्द्रा म्हटले की आपल्याकडील धान पेरणाऱ्या शेतकऱ्याची नजर आभाळाकडे वळते. ग्लायडर बांधणाऱ्यांनीही आभाळाकडे पाहूनच ही नावे घेतली. परंतु रोहिणी हे एका यानाचे नाव नव्हे, ते साऱ्या कुळाचे नाव. पुण्याजवळ हडपसरच्या मैदानावर दोन रोहिणी एकत्र उभ्या राहिल्या, तर त्यांतील ही कोणती व ती कोणती, हे केवळ अंगावरील अक्षरांनी कळावयाचे. एका वर्गात तीन सुनीता असल्या म्हणजे हजेरीपटावरील क्रमांक उपयोगी पडतो, तसेच हे.

आता अक्षरांचे माप. यासंबंधीचे आंतरराष्ट्रीय नियम प्रथम १९४९ साली संमत झाले. पंखाखालील अक्षरांची उंची निदान ५० सेंटिमीटर असावी आणि धडावरील किंवा उभ्या शेपटीवरील अक्षरांची निदान ३० सेंटिमीटर, असा सर्वसाधारण दंडक आहे. अक्षराची रुंदी उंचीच्या दोन-तृतीयांश, रेषेची जाडी उंचीच्या एक-षष्ठांश आणि दोन अक्षरांतील अंतर रुंदीच्या निदान एक-चतुर्थांश ठेवावे लागते. आडव्या रेघेची लांबीही अक्षराच्या रुंदीइतकीच.

विद्यार्थ्यांनी येथे थोडे गणित करून पाहावे. उंची ३० सेंटिमीटर धरली, तर रुंदी २० आणि रेषेची जाडी ५ येते. दोन अक्षरांतील अंतरही निदान ५ येते. पाच अक्षरे व एक रेघ मिळून सहा घरे झाली; सहा घरांचे १२० आणि मधल्या पाच अंतरांचे २५, एकूण १४५ सेंटिमीटर. पंखाखालील ५० सेंटिमीटरच्या अक्षरांस याच हिशोबाने सुमारे २४२ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ आठ फूट जागा लागते. ग्लायडरचा पंख लांब परंतु अरुंद असतो व टोकाकडे निमुळता होत जातो; म्हणून ही अक्षरे धडाकडील रुंद भागात बसवावी लागतात. शेपटीकडील धडही बारीक असते. नियमाचे माप तेथे मावत नसेल, तर आपल्या मनाने अक्षर लहान करावयाचे नसते. विमान खात्याची परवानगी घ्यावी लागते.

अक्षराचे वळण निवडताना हौस बाजूस ठेवावी लागते. अक्षरे मोठ्या लिपीतील रोमन, भरीव रेषेची आणि अलंकारावाचून असावीत; रंग पार्श्वभूमीहून स्पष्टपणे वेगळा असावा. पांढऱ्यावर काळा किंवा गडद निळा उठून दिसतो. पिवळा मात्र पांढऱ्यात विरून जातो. आपल्या रस्त्यांवर काही तरुण गाडीच्या आकड्यांस शेपट्या जोडून त्यांतून एखादे नाव साधतात. त्यांस ते कौतुकाचे वाटते. परंतु ती गाडी धडक देऊन निघून गेली, तर रस्त्यावर पडलेल्या माणसास तो आकडा वाचता येत नाही. ओळखीचे अक्षर मालकाच्या कौतुकासाठी नसते. ते परक्याने दुरून एका नजरेत वाचावे यासाठी असते. ज्या अक्षरसमूहांवरून संकटाच्या हाकेचा भास होईल, उदाहरणार्थ एसओएस, ते विमानास देतच नाहीत.

माप व वळण ठरले म्हणजे जागेचा प्रश्न येतो, आणि खरे जोखमीचे काम येथेच आहे. पंखाखालील अक्षरे डाव्या पंखावर, त्यांचे डोके पंखाच्या पुढील कडेकडे येईल अशी लावतात. पुढील कडेपासून हवेचा पातळ थर पंखावरून गुळगुळीत सरकत असतो. त्याच्या वाटेत स्टिकरची उचललेली कडा आली, तर हा थर विस्कटतो आणि ग्लायडरचे तरंगणे तितके उणे होते. म्हणून अक्षरे पुढील कडेस भिडवीत नाहीत, आणि त्यांच्या कडा नीट दाबून बसवितात.

शेपटीच्या मागे बिजागरीवर हलणारे सुकाणू असते. त्यावर अक्षरे लावण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. सुकाणूचा तोल बिजागरीभोवती काळजीपूर्वक साधलेला असतो. बिजागरीच्या मागे रंगाचे थोडे वजन वाढले, तरी अधिक वेगात ते सुकाणू थरथरू लागण्याचा संभव असतो. आणि ही थरथर एकदा सुरू झाली म्हणजे काही क्षणांत शेपटी मोडू शकते. याकरिता सुकाणू रंगविले तर त्याचे वजन व तोल पुन्हा तपासून नोंदवहीत लिहावा लागतो. आमच्या मुलांच्या ग्लायडरची शेपटी आपटली, त्यात कागदापलीकडे काही फाटले नाही. खऱ्या ग्लायडरमध्ये माणूस बसलेला असतो.

रंगाविषयीही एक सावधगिरी आहे. काचतंतू व राळ यांचे बनलेले ग्लायडर बहुधा पांढरेच असतात. यामागे केवळ शोभा नाही. अशा अनेक ग्लायडरांच्या बळकटीची हमी ५४ अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानासाठीच दिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या घरात जातो. उन्हात उभ्या असलेल्या काळ्या पृष्ठाची काय कथा! म्हणून ओळखाक्षरे व कारखान्याने मान्य केलेले पट्टे यांखेरीज गडद रंगाचे मोठे डाग पंखांवर चालत नाहीत.

आता प्रत्यक्ष लावण्याची कृती. पूर्वी रंगारी खडूच्या रेषा आखून हाताने अक्षरे काढीत. पुढे कागदावर छापलेली, पाण्यात भिजविली म्हणजे सुटून सरकणारी चित्राक्षरे आली; खेळण्यांतील लहान विमानांवर ती आजही लावतात. आता बहुतेक अक्षरे यंत्राने कापलेल्या पातळ प्लास्टिकच्या पत्र्याची असतात. आपल्या गावातील ज्या दुकानास आपण रेडियमचे दुकान म्हणतो, तेथे मोटारींसाठी हेच काम चालते. त्या पत्र्यात रेडियम धातूचा अंशही नसतो, हे मात्र विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

प्रथम पृष्ठभाग सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन मेण, तेल व धूळ काढावी, आणि तो कोरडा होऊ द्यावा. मग पेन्सिलीने व दोऱ्याने पायारेषा आखावी. धड निमुळते असल्यामुळे त्याच्या वरच्या कडेवर विसंबल्यास ओळ तिरपी होते. म्हणून चार पावले मागे जाऊन डोळ्यानेही पाहावे. काम सकाळी, सावलीत करावे; उन्हाने तापलेल्या पृष्ठावर डिंक टेकताच पकड घेतो व चूक सुधारता येत नाही. पृष्ठावर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा दिला, तर अक्षर थोडे सरकविता येते. ते जागी आले म्हणजे मऊ पट्टीने मध्यापासून कडांकडे दाबत पाणी व हवा बाहेर काढावी. काही वेळाने वरचा धरून ठेवणारा कागद एका कोपऱ्यापासून, मागे दुमडून, सावकाश सोलावा. बुडबुडा राहिल्यास त्यास सुईने टोचून दाबावे. अक्षर उचकटू नये. घाई केलेले अक्षर पहिल्या पावसाळ्यातच कडा सोडते.

इतके करूनही अक्षरे झिजतात, आणि अपघातात जळूनही जातात. म्हणून प्रत्येक विमानात मुख्य दाराजवळ, न जळणाऱ्या धातूची एक लहान पाटी बसवून तिच्यावर तीच ओळख कोरलेली असते. आजीच्या तांब्यावरील नावाचीच ही धाकटी बहीण होय.

आमच्या मुलांची गोष्ट अर्धीच राहिली. त्यांनी तैलरंग खरवडून काढला, तोल पुन्हा साधला, आणि त्याच्या जोडीस आणखी एक ग्लायडर केला. अपघाताच्या धास्तीने या दुसऱ्यावर त्यांनी काहीच लिहिले नाही. पहिल्यावर पतंगाच्या निळ्या कागदाची साधी, पातळ अक्षरे पंखाखाली चिकटविली : शाळेचे नाव व गाव. डिसेंबरातील एका दुपारी दोन्ही ग्लायडर वाऱ्यावर चढले आणि कुंपणापलीकडे, कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांवरून दिसेनासे झाले. मुलांनी संध्याकाळपर्यंत शोधले. एकही हाती लागला नाही.

चौथ्या दिवशी एक वृद्ध शेतकरी शाळेच्या दारात उभे राहिले. त्यांच्या हाती पहिला ग्लायडर होता. त्यांस स्वतःस वाचता येत नव्हते. त्यांच्या नातीने पंखाखालचे नाव वाचून दाखविले होते. ते म्हणाले, "गुरुजी, नाव होतं म्हणून आणून दिलं. दुसराही दिसला होता पोरांच्या हाती. पण तो कोणाचा, कसं कळावं?"

दुसरा ग्लायडर परत आला नाही. पहिला आमच्या प्रयोगशाळेत टांगलेला आहे. पालकांनी स्नेहसंमेलनास आल्यावर तो अवश्य पाहावा, आणि विद्यार्थ्यांनी त्याच्या पंखाखाली उभे राहून अक्षरांची उंची, रुंदी व जाडी मोजून आम्हांस सांगावी.