‘गाडी हळूच होती, डॉक्टरसाहेब!’

परवा दवाखान्यात आलेल्या एका कॉलेजकुमाराने मला मोबाईलवर एक गंमत दाखवली. एकच चाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवण्यापुरत्या दोन पट्ट्या, आत बॅटरी आणि मोटार. ना हँडल, ना सीट. माणूस त्यावर उभा राहतो. पुढे झुकला की चाक पुढे पळते, मागे झुकला की वेग कमी होतो. हसत हसत त्याने विचारले, ‘‘डॉक्टर, क्वार्टर मारून यावर उभं राहिलं तर?’’

मीही हसलो. पण तो गेल्यावर बराच वेळ मला एक जुनी रात्र आठवत राहिली. म्हणून आजचा विषय.

आपल्या बीडच्या सुभाष रोडवर मला अजून अशी एकचाकी दिसलेली नाही. पण बॅटरीच्या स्कूटर आता गल्लोगल्ली आल्या आहेत. त्यांतल्या काही कमी वेगाच्या असतात, त्यांना पासिंग लागत नाही, चालवायला लायसन लागत नाही. त्यामुळे एक समज पसरला आहे की, ही काय खरी गाडी आहे? थोडी घेऊन चालवली तर काय बिघडते? वाचकहो, या ‘थोडी’ आणि ‘हळू’ या दोन शब्दांनीच घात होतो.

ती रात्र

काही वर्षांपूर्वी लग्नसराईत रात्री साडेअकराच्या सुमारास मला फोन आला. बोलणारा माझ्या ओळखीच्या कुटुंबातला थोरला भाऊ. ‘‘डॉक्टरसाहेब, धाकटा हळदीहून येताना बॅटरीच्या गाडीवरून घसरलाय. जरा घेतलेली आहे. कानाच्या वर टेंगूळ आलंय, पण बोलतोय चांगला. चालत घरात आला. गाडी हळूच होती. आता त्याला झोप लागायलीय. सकाळी आणू का?’’

मी दिवसभराचा थकलेला होतो. मी म्हणालो, ‘‘झोपू द्या. सकाळी आणा.’’

सकाळी तो उठलाच नाही. घोरणे चालू होते, पण हाक मारली तर ओ नाही. एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली. धावपळ करून त्याला मोठ्या रुग्णालयात नेले, कवटी उघडून साकळलेले रक्त काढले, जीव वाचला. तो शिवणकाम करायचा. आज त्याचा उजवा हात नीट चालत नाही आणि शब्द तोंडाशी येऊन अडतात. त्याच्या आईने मला कधी बोल लावला नाही. माझा मी मात्र लावत असतो. त्या रात्री मी दारूकडे पाहिले, डोक्याकडे पाहिले नाही.

तोल सांभाळतो कोण?

दुचाकीवर तोल सांभाळण्याचे काम मुख्यतः तिघे करतात: डोळे, कानाच्या आतले यंत्र आणि मेंदूच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू. दारू या तिघांनाही एकाच वेळी गाठते.

आपल्या आतल्या कानात अर्धगोल आकाराच्या तीन बारीक नळ्या असतात. त्यांत पाण्यासारखा द्रव असतो आणि प्रत्येक नळीत खळीसारखा मऊ पडदा असतो. डोके वळले की द्रव हलतो, पडदा वाकतो आणि मेंदूला खबर जाते. एरवी द्रव आणि पडदा यांचे वजन सारखे असते. दारू रक्तातून आधी पडद्यात शिरते, द्रवात उशिरा पोचते. दारू पाण्यापेक्षा हलकी, म्हणून पडदा हलका होऊन तरंगू लागतो. डोके स्थिर असतानाही ‘मी फिरतोय’ अशी खोटी खबर मेंदूला जाते. पिऊन आडवे झाल्यावर खोली गरगर फिरते ती याच कारणाने.

काही तासांनी द्रवातही दारू पोचते आणि दोघांचे वजन पुन्हा जुळते. मग उतरताना उलटा खेळ होतो. दारू पडद्यातून आधी निघून जाते, पडदा द्रवापेक्षा जड होतो आणि पुन्हा गरगर सुरू होते. हा खेळ रक्तातली दारू संपल्यावरही काही तास चालू शकतो. म्हणून ‘रात्री घेतली होती, आता सकाळ झाली’ हे म्हणणे पुरेसे नाही.

आता ‘हळू’ या शब्दाकडे वळू. सायकल शिकताना आपण सगळे पडलो आहोत, आणि पडलो ते बहुधा वेग कमी असताना. दुचाकी वेगात स्वतः काहीशी सावरते. हळू चालवताना क्षणोक्षणी हँडल सावरावे लागते, म्हणजे लहान मेंदूचे काम वाढते. त्या एकचाकीचे तर विचारूच नका. तिच्यातले यंत्र पुढे-मागे तोल राखते, डावी-उजवीकडचा तोल माणसानेच राखायचा असतो. आणि डोक्याला इजा व्हायला वेग लागतोच असे नाही. उभ्या माणसाचे डोके दगडावर आपटले तरी कवटी तडकू शकते.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. ऊसतोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना चकाकणारी पट्टी, असा रस्त्याच्या कडेला उभा असतो. ब्रेक दाबायला शुद्धीतल्या माणसापेक्षा एक सेकंद जास्त लागला, तर ते ११ मीटर कुठे संपतील याचा विचार करावा.

नाईंटीचा हिशोब

व्हिस्की-रमच्या बाटलीवर साधारणपणे ४२.८ टक्के मद्यार्क लिहिलेला असतो. म्हणजे एका नाईंटीत सुमारे ३० ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. साठ किलो वजनाच्या माणसाने ती उपाशीपोटी घेतली, तर १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या आसपास मद्यार्क होऊ शकतो. कायद्याची मर्यादा ३० आहे. स्ट्राँग बिअरला पुष्कळजण ‘सरबत’ म्हणतात. पण ८ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बाटलीत सुमारे ४० ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणजे नाईंटीपेक्षा जास्तच.

हा मद्यार्क मुख्यतः यकृत जाळते, तेही आपल्या गतीने: रक्तातले प्रमाण तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅमने उतरते. म्हणजे एका नाईंटीला चार-पाच तास आणि क्वार्टरला आठ-नऊ तास. लिंबू, ताक, लोणचे, काळा चहा, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही यकृताची गती वाढत नाही. झोपाळू दारुड्याचा फार तर जागा दारुडा होतो.

दारू सर्वांत आधी सारासार विचार झाकते. त्यामुळे ‘मला काही चढलेली नाही’ हे ठरवण्यास प्यालेला माणूस सर्वांत नालायक असतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५ प्रमाणे पिऊन गाडी चालवल्यास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या बॅटरीच्या हलक्या गाड्या या कायद्याच्या नोंदणी-लायसनमधून सुटतात हे खरे. पण महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ नुसार सार्वजनिक जागी परवान्याशिवाय प्यालेल्या अवस्थेत सापडणे हाच गुन्हा आहे. मग तो पायी असो की गाडीवर. जर्मनीत २०१९ साली हँडलच्या छोट्या बॅटरी स्कूटरना रस्ता खुला झाला, तेव्हा मोटारीचीच मद्यमर्यादा त्यांना लागू केली. हँडल नसलेल्या एकचाकीला तर तिथे सार्वजनिक रस्त्यावर परवानगीच नाही.

‘पिऊन झोपलाय’ म्हणण्याआधी

कानशिलाजवळचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून एक रक्तवाहिनी जाते. मार लागून ती फाटली की कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. सुरुवातीला माणूस बोलतो, चालतो, पाणी मागतो. काही तासांनी गुंगी येते. दारूची गुंगी आणि ही गुंगी वरून अगदी सारखी दिसते. म्हणून प्यालेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला असेल तर त्याच रात्री दवाखान्यात न्या. सकाळची वाट पाहू नका. डॉक्टर फोनवर ‘झोपू द्या’ म्हणाला तरी नेच.

पुढील खुणा दिसल्या तर सिटी स्कॅनची सोय असलेले मोठे रुग्णालय गाठावे:
१. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी.
२. हलवूनही नीट जाग न येणे, असंबद्ध बोलणे.
३. एक बाहुली मोठी, एक लहान.
४. कानातून वा नाकातून रक्त किंवा पाणी येणे.
५. फिट येणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे.

जागेवर काय करावे? १०८ ला फोन करावा. माणसाला बसवू नये, पाणी-चहा पाजू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. मान न वळवता, दोघा-तिघांनी मिळून सबंध अंग एकदम कुशीवर करावे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. ‘पोलिसांची भानगड नको’ म्हणून पुष्कळजण पुढे जातात. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३४-अ आले आहे. मदत करणाऱ्यावर खटला होत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही होत नाही. पुढे जाऊ नका, थांबा.

आणि मुख्य म्हणजे, हळद असो, हुरडा पार्टी असो की ढाब्यावरची बैठक. घेतली असेल तर किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या किंवा तिथेच मुक्काम करा. यजमानानेही पाहुण्याला नुसते ‘सावकाश जा’ म्हणू नये. सतरंजी टाकून द्यावी. हेल्मेट बॅटरीच्या गाडीवरही घालावे. हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतो, असे जगभरच्या अभ्यासांतून दिसले आहे. पण हेल्मेट हा तोलाचा पर्याय नव्हे.

त्या कॉलेजकुमाराला मी उत्तर दिले नव्हते. ते आज देतो. बाळा, चाके एक असोत, दोन असोत की चार, गाडी किती हळू होती हे डोके विचारत नाही.