शेजारच्या खोलीतला विद्यार्थी

१९४८ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठाने जॉर्ज मॅक्लॉरिन या कृष्णवर्णीय शिक्षकाला डॉक्टरेटसाठी प्रवेश दिला, तोही कोर्टाचा बडगा बसल्यावर. गोऱ्या-काळ्यांना एकत्र शिकवणे त्या राज्यात गुन्हा होता. त्यातून पळवाट निघाली: शिकवायचे, पण वेगळे बसवून. मॅक्लॉरिन यांची जागा वर्गालगतच्या छोट्या खोलीत ठरली. ग्रंथालयात त्यांचे टेबल पोटमाळ्यावर. उपाहारगृहात जेवायचे ते इतरांची वेळ टाळून. पुढे त्यांना वर्गात घेतले, तेव्हा जागेभोवती कठडा आणि त्यावर ‘कृष्णवर्णीयांसाठी राखीव’ ही पाटी.

या साऱ्याला आधार १८९६ च्या प्लेसी खटल्याचा. सोयी समान असतील तर वेगळे ठेवायला हरकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा ठरवले होते. चार्ल्स ह्यूस्टन आणि त्यांचे शिष्य थर्गूड मार्शल या वकिलांनी या तत्त्वाची नस उच्चशिक्षणात पकडली. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत कृष्णवर्णीयांसाठी शाळा होत्या, पण कायद्याचे महाविद्यालय किंवा डॉक्टरेटची सोय नव्हती. जे नाहीच, ते ‘समान’ कसे म्हणणार? आणि दोन-चार विद्यार्थ्यांसाठी दुसरे विद्यापीठ उभारणे कोणत्या राज्याला परवडणार?

टेक्सासने ते करून पाहिले. ह्यूस्टन शहरातले टपालवाटप करणारे हेमन स्वेट यांनी १९४६ मध्ये राज्य विद्यापीठात कायद्याच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज केला. त्यांना आत घ्यावे लागू नये म्हणून राज्याने १९४७ मध्ये ऑस्टिनमध्ये एका इमारतीच्या तळघरात वेगळे विधी महाविद्यालय थाटले. स्वेट यांनी तिथे पाऊल ठेवले नाही. खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचेपर्यंत नव्या महाविद्यालयात पाच प्राध्यापक आणि सुमारे १६,५०० पुस्तके जमली होती. विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात सोळा पूर्णवेळ प्राध्यापक आणि ६५,००० वर पुस्तके.

५ जून १९५० रोजी स्वेट आणि मॅक्लॉरिन या दोघांच्या खटल्यांचे निकाल सर्वोच्च न्यायालयात एकाच दिवशी, एकमताने लागले. सरन्यायाधीश फ्रेड व्हिन्सन पुस्तकांच्या मोजदादीवर थांबले नाहीत. अध्यापकांचा लौकिक, माजी विद्यार्थ्यांचे वजन, सहाध्यायींशी होणारा वाद-संवाद हे सारे त्यांनी विचारात घेतले. जे पुढे वकिली करणार, त्यांना राज्यातल्या बहुसंख्य भावी वकील-न्यायाधीशांपासून तोडून कायदा कसा शिकवता येईल? मॅक्लॉरिन यांच्या बाबतीत तर प्राध्यापक तेच, पुस्तके तीच होती. तरीही वेगळे बसवणे हीच विषमता ठरली. टेक्सासने मोजता येणारे वाढवले, ओक्लाहोमाने तर समानच दिले. त्यामुळेच उरलेला अन्याय उघडा पडला. १९५४ च्या ब्राउन निकालात शाळांमधले वेगळेपण घटनाबाह्य ठरवताना न्यायालयाने याच दोन निकालांचा आधार घेतला.

निकालाने दार उघडले, पण आत टिकणे सोपे झाले नाही. प्रकृती आणि संसार ढासळल्याने स्वेट यांना पदवीविना विद्यापीठ सोडावे लागले. १९५६ मध्ये अलाबामा विद्यापीठात ऑथरीन लूसी ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी आली, तेव्हा जमाव चालून आला. विद्यापीठाने जमावाला नव्हे, त्यांनाच काढले. १९६२ मध्ये जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशासाठी मिसिसिपी विद्यापीठात लष्कर उतरवावे लागले. दंगलीत दोन जण मारले गेले. वेगळी जागा संपवायला कोर्टाचा हुकूम पुरला. शेजारच्या बाकावरच्या माणसाला सहाध्यायी मानायला लावणारा हुकूम कोणत्याही कोर्टाच्या हाती नव्हता.